भिंतीवरचं मेंबरशिप सर्टिफिकेट म्हणजे लायसन्स नव्हे

नमस्कार मंडळी, आज ज्या विषयावर बोलायचंय तो आईवडिलांनी तर नक्की ऐका, कारण मुलाला पहिल्यांदा काउन्सेलरकडे नेताना आपण आधीच घाबरलेले असतो आणि तिथे भिंतीवर कुठल्यातरी असोसिएशनचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट दिसलं की हुश्श होतं, वाटतं चला, सरकारमान्य आहे. तर तसं नसतं.

असोसिएशन म्हणजे त्या पेशातल्या लोकांनी एकत्र येऊन काढलेली संस्था. इंडियन सायकियाट्रिक सोसायटी १९४७ ची, ती मानसोपचारतज्ज्ञांची, म्हणजे जे एमबीबीएस करून पुढे शिकतात आणि औषधं लिहून देतात त्या डॉक्टरांची. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे औषधं न देता चाचण्या आणि थेरपीने काम करणारे, त्यांची आयएसीपी, म्हणजे इंडियन असोसिएशन ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट्स, १९६८ ची. दोन्ही संस्थांचं काम मोठं आहे, कॉन्फरन्स असतात, जर्नल निघतं, पण प्रॅक्टिसचं लायसन्स काही त्या देत नाहीत.

ते कोण देतं? डॉक्टर असेल तर मेडिकल काउन्सिल. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआय, म्हणजे रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया, १९९२ च्या कायद्याने झालेली. त्यांच्या रजिस्टरमध्ये नाव नसताना प्रॅक्टिस केली तर कायद्यात शिक्षा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि दंड किती तर जास्तीत जास्त एक हजार रुपये. मला हे फार खुपतं, माणसाच्या मनाशी खेळायची किंमत एवढीच?

आता खरा गुंता काउन्सेलरचा. एमए सायकॉलॉजी करून काम करणारी कितीतरी मनापासून झटणारी माणसं आहेत, पण आरसीआयचं ते क्लिनिकल रजिस्टर त्यांच्यासाठी नाही. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून आरोग्यसेवेतल्या इतर पेशांच्या कायद्यात त्यांचा पेशा घेतलाय, पण त्याआधी इतकी वर्षं त्यांना धरून ठेवणारं असं काही नव्हतंच, आणि म्हणून माझ्या मते असोसिएशनची सगळ्यात जास्त गरज कुणाला असेल तर ती यांनाच. दिवसभर लोकांची दुःखं ऐकून संध्याकाळी एखाद्या केसमध्ये अडकलात तर क्लायंटचं नाव न सांगता सीनियरशी बोलायला जागा हवी ना, त्याला सुपरव्हिजन म्हणतात. आणि गोपनीयता मोडली, क्लायंटशी नको ते नातं जोडलं, तर विचारणारं कोणीतरी हवं.

म्हणून असोसिएशन जॉइन करताना, सायकॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनो, फी भरायच्या आधी विचारा, तुमची आचारसंहिता लेखी आहे का, तक्रार आली तर बघतं कोण, मेंबर व्हायला शिक्षण काय लागतं. फक्त पैसे भरून सर्टिफिकेट घरी येत असेल तर राहू द्या.

आणि ज्यांना मदत घ्यायचीय त्यांनी पहिल्या भेटीत बिनधास्त विचारा, "मॅडम, तुमचं शिक्षण काय, रजिस्ट्रेशन कुठे आहे, सुपरव्हिजन कोणाकडे घेता?" क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणाल्या तर आरसीआयचा नंबर मागा आणि त्यांच्या वेबसाइटवर घरी बसून तपासा. विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही, आणि ज्यांचं काम चोख असतं ते न चिडता सांगतात.