सॅमसन सियासिया: अर्जेंटिना आडवी आली तेव्हा आणि नंतर
(कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, वर्ल्डकप आला की आपल्याकडे पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिना असे दोन तट पडतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. आपल्या तालमींच्या फुटबॉल संघांकडून नायजेरियाची पोरंही शाहू स्टेडियमवर खेळून गेली आहेत. त्यांच्या देशातल्या एका माणसाबद्दल आज बोलायचं आहे. आधी स्ट्रायकर, मग कोच. दोन्ही रूपांत अर्जेंटिना त्याच्या वाटेत पुन्हा पुन्हा आली. नाव सॅमसन सियासिया.

जन्म 1967 चा, लागोसमधला. घराणं मूळचं नायजर नदीच्या खोऱ्यातल्या बायेल्सा भागातलं. तेलविहिरींचा, खाड्यांचा आणि अपहरणांचा हा मुलूख. अपहरणाचा विषय पुढे येणार आहे. विशीत तो बेल्जियमच्या लोकेरन क्लबात गेला, तिथून 1993 मध्ये फ्रान्सच्या नांतमध्ये. 1994-95 ला नांतने फ्रेंच लीग जिंकली तेव्हा तो त्या संघात होता, पण लोको, वेदेक, एन्दोराम यांच्या सावलीत. क्लब कारकीर्द चांगली झाली, थोर नाही. पुढे पोर्तुगाल, सौदी, ऑस्ट्रेलिया, इस्रायल असा प्रवास झाला. त्यात आपण अडकायला नको.

अडकायचं ते 25 जून 1994 ला. अमेरिकेत बोस्टनजवळ फॉक्सबरो. नायजेरियाचा हा पहिलाच वर्ल्डकप. आधीच्या सामन्यात त्यांनी बल्गेरियाला 3-0 ने झोपवलं होतं. आता समोर मॅराडोनाची अर्जेंटिना. आठवं मिनिट. येकिनीने मधून चेंडू सारला, सियासिया मोकळा सुटला आणि गोलकीपर इस्लास पुढे आलेला बघून त्याने चेंडू अलगद त्याच्या डोक्यावरून टाकला. ताकद शून्य, अंदाज शंभर टक्के! ज्यांच्याकडे त्या सामन्याचं चित्रण असेल त्यांनी गोलआधीचं त्याचं पाऊल बघावं. घाईत असलेला माणूस तसं पाऊल टाकत नाही.

पुढे कनिजियाने दोन गोल केले आणि नायजेरिया हरली. दुसरा गोल मॅराडोनाने झटकन घेतलेल्या फ्री किकवर झाला. सामना संपल्यावर एक नर्स मैदानात आली आणि मॅराडोनाचा हात धरून त्याला डोप टेस्टला घेऊन गेली. अर्जेंटिनाच्या जर्सीतला त्याचा तो शेवटचा सामना ठरला. त्या दिवशीचं जगाला एवढंच आठवतं, सियासियाचा गोल कुणाला आठवत नाही. बाद फेरीत नायजेरिया इटलीकडून 2-1 ने गेली. बॅजिओने 88 व्या मिनिटाला बरोबरी केली नसती तर आफ्रिकन फुटबॉलचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता, असं माझं मत आहे.

1994 चा तो संघ म्हणजे कोचांची शाळाच म्हणायची. कॅप्टन स्टीफन केशीने 2013 मध्ये कोच म्हणून आफ्रिकन नेशन्स कप जिंकला. अमुनिकेने 2015 ला सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप जिंकला. ओलिसे राष्ट्रीय कोच झाला. आणि सियासियाने पोरं घडवली.

पोरं म्हणतो ते मुद्दाम. 2005 मध्ये हॉलंडमध्ये वीस वर्षांखालचा वर्ल्डकप झाला. क्वार्टर फायनलला यजमान हॉलंड समोर होतं. 1-1 वर टायब्रेकर, आणि टायब्रेकरही कसा, तर 10-9! सेमीफायनलला मोरोक्कोला तीन गोल दिले. फायनलला उट्रेख्टमध्ये पुन्हा अर्जेंटिना, आणि त्यांच्यात अठरा वर्षांचा लिओनेल मेस्सी. त्याने दोन पेनल्टी मारल्या, नायजेरिया 2-1 ने हरली. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मेस्सी. दुसरा आणि तिसरा कोण? दोघंही सियासियाचे: जॉन ओबी मिकेल आणि ताये तायवो.

मिकेल हे नाव लक्षात ठेवा. तो चेल्सीत गेला, मोठा झाला. 2008 च्या ऑलिम्पिक पात्रता फेरीच्या वेळी कॅम्पला आला नाही. सियासियाने त्याला बीजिंगच्या संघातून वगळलं. चेल्सीचा खेळाडू! आपल्याकडे तालमीतल्या कोचने पेठेतल्या लाडक्या पोराला बसवून बघावं, मग कळेल काय होतं ते. पण संघ फायनलला गेला. सेमीफायनलला बेल्जियमला चार गोल घातले. 23 ऑगस्ट 2008, बर्ड्स नेस्ट स्टेडियम, भर दुपारी बारा वाजता फायनल. मैदानात तापमान 42 अंशांपर्यंत गेलं. रेफ्रीने खेळ थांबवून खेळाडूंना पाणी पाजलं. समोर? पुन्हा अर्जेंटिना, पुन्हा मेस्सी. 58 व्या मिनिटाला मेस्सीचा पास घेऊन दी मारिया सुटला आणि त्याने गोलकीपरच्या डोक्यावरून चेंडू टाकला. चौदा वर्षांपूर्वी सियासियाने त्यांना घातला होता, तसाच. 1-0. रौप्यपदक.

मला विचाराल तर या माणसाचं खरं कसब इथे आहे. वीस-बावीस वर्षांची पोरं महिनोन् महिने कॅम्पमध्ये ताब्यात द्या, तो संघ उभा करतो. सीनियर संघाचं गणित वेगळं असतं. युरोपातून खेळाडू मंगळवारी उतरतात, शनिवारी सामना, रविवारी परत. तिथे कोचला शिकवायला वेळ नसतो, फक्त माणसं सांभाळायची असतात. आणि माणसं सांभाळणं हा सियासियाचा प्रांत नव्हे.

त्यात नायजेरियाची रीत निराळी. शैबू अमोडूने 2002 आणि 2010 या दोन्ही वर्ल्डकपसाठी संघाला पात्र करून दिलं आणि दोन्ही वेळा वर्ल्डकपच्या तोंडावर त्याला घरी पाठवलं. 2010 ला तर लार्स लागरबॅक हा स्वीडिश कोच काही महिन्यांसाठी आणून बसवला. पंगत मांडायची घरच्याने आणि वाढायला बोलवायचा परका! ती पंगत उठल्यावर, 2010 च्या अखेरीला, सियासियाला सीनियर संघ मिळाला.

1 जून 2011 ला अबुजात त्याच्या संघाने अर्जेंटिनाला 4-1 ने हरवलं. मेस्सी नव्हता, संघ दुय्यम होता, तरी अर्जेंटिनाच. एकदाचा हिशेब चुकता झाला म्हणावं, तर तेही नाही. सामना 98 व्या मिनिटापर्यंत लांबला आणि तेव्हा अर्जेंटिनाला पेनल्टी मिळाली. सट्टेबाजीचा आकडा संशयास्पद म्हणून फिफाने चौकशी लावली. रेफ्री होता नायजरचा इब्राहिम चैबू, ज्याच्यावर पुढे 2019 मध्ये दुसऱ्या सामन्यांच्या प्रकरणात आजीवन बंदी आली. सियासियावर या सामन्याचा ठपका कधीच नव्हता, हे नीट ऐकून ठेवा, कारण पुढे येणाऱ्या बंदीच्या प्रकरणाशी लोक याची गल्लत करतात. त्याच ऑक्टोबरात गिनीशी 2-2 अशी बरोबरी झाली, नायजेरिया नेशन्स कपला मुकली आणि सियासियाची नोकरी गेली.

मधेच एक गंमत सांगतो. 2012 मध्ये पश्चिम बंगालात फुटबॉलची एक नवी लीग निघणार होती. क्रेस्पो, कानावारो, ओकोचा अशा नावांचा कोलकात्यात लिलाव झाला. सियासिया दुर्गापूरच्या संघाचा कोच म्हणून घेतला गेला. लीग झालीच नाही. आपल्या देशाशी त्याचा संबंध एवढाच.

मग रिओ ऑलिम्पिक. पात्रतेची स्पर्धा 2015 अखेर सेनेगलमध्ये होती, आणि त्याआधी नोव्हेंबरात त्याच्या म्हाताऱ्या आईला बायेल्सातून पळवून नेलं होतं. ती सुटली, त्याने स्पर्धा जिंकली. ऑलिम्पिकआधी संघ सरावाला अटलांटात गेला आणि तिथेच अडकला. विमानाचे पैसे भरलेले नाहीत, भत्ते थकलेले. 4 ऑगस्ट 2016 ला मनौसमध्ये जपानशी पहिला सामना, आणि संघ ब्राझीलमध्ये उतरला त्याच दिवशी, काही तास आधी. उतरले आणि 5-4 ने जिंकले! एटेबोने एकट्याने चार गोल केले. कॅप्टन कोण होता? मिकेल. ज्याला आठ वर्षांपूर्वी बसवलं होतं, त्यालाच तेविशीपेक्षा जास्त वयाच्या तिघांच्या ऑलिम्पिक कोट्यातून आणला, आणि त्याने संघासाठी स्वतःच्या खिशातले पैसेही घातले. या दोघांत नंतर काय बोलणं झालं असेल, ते ऐकायला मला फार आवडेल.

बातम्या वाचून कात्सुया ताकासु नावाचा एक जपानी कॉस्मेटिक सर्जन चक्रावला. ज्यांनी आपल्याच देशाला हरवलं, त्यांच्यासाठी तो 3 लाख 90 हजार डॉलर घेऊन ब्राझीलला गेला. नायजेरियाने होंडुरासला 3-2 ने हरवून ब्राँझ घेतलं आणि सर्जनने चेक हातात दिले. देशाचा फेडरेशन जिवंत असताना खेळाडूंचे पैसे परदेशी डॉक्टर देतो. यावर मी वेगळं काय बोलू?

आता अवघड भाग. ऑगस्ट 2019 मध्ये फिफाने सियासियावर आजीवन बंदी घातली, 50 हजार स्विस फ्रँक दंड ठोठावला. आरोप असा की, सामने फिरवण्यासाठी लाच घ्यायला तो राजी झाला. पलीकडे होता विल्सन राज पेरुमल, सिंगापूरचा कुप्रसिद्ध फिक्सर. 2010 मधले ई-मेल होते, ऑस्ट्रेलियातल्या एका क्लबच्या कोचपदाची बोलणी होती. व्यवहार पूर्ण झाला नाही. मी फक्त नोकरीची बोलणी करत होतो, असं सियासिया सांगत आला. पण पुढे क्रीडा लवादानेही दोष कायम ठेवला. ज्या माणसाने कॅम्पला न आलेल्या चेल्सीच्या खेळाडूला बाहेर काढलं, त्याच माणसाला त्या ई-मेलला उत्तर देताना शिस्त आठवली नाही. इथे मी त्याची वकिली करणार नाही. फेडरेशन पगार थकवतं म्हणून फिक्सरशी बोलावं असं होत नाही. केशीचेही पगार थकले होते.

पण बंदीचा दिवस बघा. जुलै 2019 मध्ये त्याच्या आईला दुसऱ्यांदा पळवलं होतं. ती जवळजवळ दहा आठवडे अपहरणकर्त्यांच्या ताब्यात होती. बंदीची बातमी आली ती त्या दहा आठवड्यांच्या मधे. त्याने लोझानच्या क्रीडा लवादाकडे दाद मागितली. 2021 च्या जूनमध्ये निकाल आला. लवाद म्हणाला, पहिलाच गुन्हा, त्याची भूमिका दुय्यम, फुटबॉलवर प्रत्यक्ष परिणाम झालेला नाही. मग आजीवन बंदी प्रमाणाबाहेर आहे. बंदी पाच वर्षांवर आणली. दंडही माफ केला, कारण पाच वर्षांची कमाई तर गेलीच होती.

पाच वर्षं ऑगस्ट 2024 मध्ये संपली, त्याला 57 पूर्ण होऊन दोन दिवस झाले होते. आता प्रश्न घेऊ. समोरच्या रांगेतून मघापासून हात वर आहे, बहुतेक मेस्सीबद्दलच असणार.