असई जिंकली, तरी युद्ध का थांबलं नाही?

(दृश्य : जालना जिल्हा. केळना आणि जुई नद्यांमधली जमीन.)

२३ सप्टेंबर १८०३, दुसरं इंग्रज-मराठा युद्ध. या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज उभी आहे. केळनेच्या अलीकडे ईस्ट इंडिया कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्ली. म्हैसूरचे आणि पेशव्यांचे सवार वगळले, तर त्याच्याकडे माणसं साडेचार हजारांच्या आसपास.

वाटाडे सांगतात, जवळपास उतार नाही. पण वेलस्लीला एका काठावर पिंपळगाव दिसतं आणि बरोबर समोर वरूड. गावं इतकी लगत, म्हणजे ये-जा असणार. ये-जा आहे तिथे उतार असणारच. फौज तिथूनच उतरते, मराठ्यांच्या डाव्या बगलेवर.

आता मराठा पलटणी गोंधळतील, असा त्याचा होरा. तो चुकतो. शिंद्यांचा अंमलदार पोलमन याच्या हाताखालचे कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीने कवायत शिकवलेल्या पलटणी, काटकोनात वळून नवी फळी धरतात. तोफांचा मारा असा, की इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैलच पडतात. तोफा मागे राहतात, पायदळ संगिनी रोखून पुढे जातं. उजवीकडची तुकडी भरकटून असई गावासमोर जाते. तिच्यामागे गेलेली ७४वी पलटण तिथे जवळजवळ कापली जाते.

(दृश्य : तोफेचा गाडा, जवळून.)

इंग्रज तोफांवरून पुढे सरकतात, तेव्हा मेल्यासारखे पडलेले मराठा गोलंदाज उठतात, तोफा फिरवतात आणि त्यांच्या पाठीवर डागतात. ती जागा दुसऱ्यांदा जिंकावी लागते. संध्याकाळी नव्वदहून जास्त तोफा इंग्रजांच्या हाती, पण सुमारे १,५८० माणसं मेलेली, जखमी किंवा बेपत्ता. पाठलागाचं त्राण उरलेलं नाही. मराठ्यांचं घोडदळ शाबूत निघून जातं.

म्हणून असईनंतरही अडगाव लढावं लागलं, गाविलगड घ्यावा लागला. भोसल्यांचा तह १७ डिसेंबरला झाला, शिंद्यांचा ३० डिसेंबरला.

शिंद्यांचं खरं कंबरडं उत्तरेत मोडलं, आणि तेही बरंचसं असईच्या आधी. कंपूंचा पगार गंगा-यमुनेच्या दोआबातल्या महसुलावर चालायचा. ४ सप्टेंबरला कंपनीचा सरसेनापती लेक याने अलीगड घेतलं, ११ तारखेला दिल्लीजवळची लढाई जिंकली. पगाराचा झराच आटला. शिंद्यांची चाकरी सोडणाऱ्या गोऱ्या अंमलदारांना कंपनीने पेन्शन कबूल केली होती. कंपूंचा मुख्य पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. तोफा पुन्हा ओतता येतात, पण पगार आणि अंमलदार एकदम गेले की कंपू उभा राहत नाही. १ नोव्हेंबरला लासवाडीत उरलेसुरलेही गेले.

उलट बाजूनेही पाहू. १८०४ च्या पावसाळ्यात यशवंतराव होळकरांनी कंपनीच्या मॉन्सनला मुकुंदवाड्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत रेटलं. चिखलात तोफा रुतल्या, त्यांच्या कानात, म्हणजे बत्तीच्या छिद्रात, खिळे ठोकून त्या तिथेच टाकाव्या लागल्या. कंपनीची एवढी नाचक्की क्वचितच झाली असेल. तरी नोव्हेंबरात डीग आणि फर्रुखाबादला होळकरच हरले, कारण कंपनीकडे ताज्या पलटणी होत्या आणि त्यांना पोसायला पैसा.

मग १८०५ च्या सुरुवातीला भरतपूर. त्या किल्ल्यावर लेकचे चार हल्ले, चारही फसले. तोवर कर्जाचा आकडा बघून लंडनमधल्या संचालकांचा धीर सुटत चालला होता. गव्हर्नर-जनरलला परत बोलावलं गेलं, आणि डिसेंबर १८०५ मध्ये होळकरांना बराच सौम्य तह मिळाला.