सहसंबंधाचा आकडा आणि नकाशा

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिलच्या मध्यावर हवामान खात्याचा मोसमी पावसाचा पहिला अंदाज येतो. दीर्घकालीन सरासरीच्या अमुक इतके टक्के पाऊस पडेल, असा एक आकडा त्यात असतो आणि त्याला शेपूट असतं: अधिक-उणे पाच टक्के. आकडा मथळ्यात जातो, शेपूट बातमीच्या तळाशी. भूगोलाच्या संशोधनात सांख्यिकी कशी वापरावी हे सांगायला मला ते शेपूट फार उपयोगी पडतं, कारण सगळी प्रामाणिकता तिथेच असते.

पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस नावाचा चौक आहे. हवामान खात्याचं मुख्य कार्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, त्यावरून हे नाव पडलं. त्याच्या बऱ्याच आधी, 1904 साली, गिल्बर्ट वॉकर या खात्याचे प्रमुख झाले. गृहस्थ केंब्रिजचे गणिती, हवामानशास्त्राचं शिक्षण नाही. परिस्थिती बिकट होती. 1899 साली खात्याने चांगल्या पावसाचा अंदाज दिला होता आणि पडला भीषण दुष्काळ. पाऊस कसा पडतो याचं भौतिकशास्त्र तेव्हा अपुरं होतं. मग वॉकर यांनी ठरवलं, की कारण कळत नसेल तर निदान नोंदी काय सांगतात ते पाहू. हिमालयातला मे अखेरचा बर्फ, मॉरिशसच्या हवेचा दाब, दक्षिण अमेरिकेतला दाब, झांझिबारचा पाऊस अशा दूरदूरच्या नोंदी त्यांनी भारतातल्या पावसाशेजारी मांडल्या आणि कारकुनांकडून हाताने गणितं करवून घेतली.

ही गणितं होती सहसंबंध गुणांकाची. दोन रकाने घ्या. एकात दरवर्षीचा पाऊस, दुसऱ्यात त्याच वर्षीचा मॉरिशसचा दाब. दोन्ही एकत्र वाढत-घटत असतील तर गुणांक अधिक 1 कडे सरकतो. एक वाढताना दुसरं घटत असेल तर उणे 1 कडे. शून्याच्या आसपास असला तर दोहोंत सरळ रेषेचं नातं नाही. 'सरळ रेषेचं' हा शब्द आमचे विद्यार्थी गाळतात, आणि तो गाळला की काय होतं ते पुढे येईलच. प्रतिगमन, म्हणजे आपण वर्गात रिग्रेशन म्हणतो ते, याच्या पुढची पायरी: दाब एवढा असेल तर पाऊस किती, याचं समीकरण. आणि समीकरणातून आलेला अंदाज साधारण किती चुकेल तेही त्यातूनच निघतं. सुरुवातीला म्हटलं ते शेपूट हेच.

आता वॉकर यांच्या पुढ्यातला सापळा पाहा. सार्थकतेच्या चाचणीत, म्हणजे मिळालेला गुणांक निव्वळ योगायोगाचा तर नाही ना हे तपासताना, आपण सहसा पाच टक्के ही पातळी धरतो. याचा अर्थ असा, की प्रत्यक्षात काहीही संबंध नसताना निव्वळ योगायोगाने इतका मोठा गुणांक मिळण्याची शक्यता शंभरात पाच. एकच संबंध तपासला तर ठीक आहे. पण पावसाशी काडीचा संबंध नसलेले, एकमेकांशीही संबंध नसलेले 20 घटक तपासले, तर त्यांतला निदान एक 'सार्थक' दिसण्याची शक्यता सुमारे 64 टक्के होते. शोधणाऱ्याला काहीतरी सापडणारच! वॉकर यांनी हे ओळखलं आणि 1914 साली लिहिलंही: पुष्कळ गुणांकांतून सर्वांत मोठा निवडून घेणाऱ्याने त्याला कसोटी अधिक कडक लावली पाहिजे. शंभर वर्षांनंतर आज संगणकावर एका कळीसरशी 40 चलांचा, म्हणजे घटकांचा, सहसंबंध तक्ता निघतो, त्यातल्या तारांकित, म्हणजे सार्थक ठरलेल्या, आकड्यांवर प्रबंधाचं प्रकरण उभं राहतं, आणि बाकीचे किती तपासले होते हे कुठेच लिहिलेलं नसतं. मला ही सवय गणिताच्या चुकीपेक्षा जास्त खटकते.

वॉकर यांच्या हाती या खटाटोपातून एक खरं रत्न लागलं. प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो, आणि उलट. या दक्षिणी आंदोलनाबद्दल त्यांनी 1920 च्या दशकात लिहिलं. पण असं का होतं, हे त्यांना सांगता आलं नाही, म्हणून अनेकांनी त्याकडे संशयाने पाहिलं. 1969 मध्ये हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी त्याची सांगड एल निनोशी, म्हणजे विषुववृत्तीय प्रशांत महासागराच्या तापमानाशी घालून दिली, तेव्हा कुठे आकड्याला कारण मिळालं. मधे चाळीसेक वर्षं गेली.

आणि कारण मिळालं म्हणून काम संपलं का? एल निनो आणि भारतातला मोसमी पाऊस यांचा सहसंबंध उणे 0.5 ते 0.6 च्या घरात धरला जातो. तो चांगलाच सार्थक आहे. पण त्याचा वर्ग करा: पाव ते तिसरा हिस्सा. पावसाच्या चढउतारातला एवढाच भाग एल निनोने उलगडतो, उरलेला नाही. म्हणून 1997 मध्ये शतकातल्या अतितीव्र एल निनोच्या वर्षी देशात सरासरीइतका पाऊस झाला, आणि 2002 मध्ये एल निनो मध्यम असूनही पाऊस सुमारे 19 टक्क्यांनी कमी पडला. 2002 चा दुष्काळ प्रतिगमनालाही झोंबला. शास्त्रज्ञ वसंतराव गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं 16 घटकांचं प्रारूप, म्हणजे मॉडेल, 1988 पासून वापरात होतं, ते बरीच वर्षं चाललं, आणि त्या वर्षी त्याने सामान्य पावसाचा अंदाज दिला. पुढच्याच वर्षी खात्याने प्रारूप बदललं. काही दशकांच्या नोंदींवर 16 घटक बसवले की समीकरण जुन्या वर्षांना हुबेहूब जुळतं. येणाऱ्या वर्षाने त्याचं ऐकावं असं बंधन नसतं. शिवाय घटकांचे पावसाशी असलेले संबंध काळाबरोबर सैल होतात. वॉकर यांच्या स्वतःच्या घटकांचंही पुढे तेच झालं.

इथवर काळाचं झालं. भूगोलवाल्याला त्याहून मोठी अडचण येते ती जागेची.

1950 साली विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1930 च्या जनगणनेतले आकडे घेतले. राज्यवार पाहिलं तर, जिथे परदेशात जन्मलेले लोक अधिक तिथे निरक्षरता कमी: गुणांक उणे 0.53. तेच माणूसवार पाहिलं तर अधिक 0.12, म्हणजे परदेशात जन्मलेला माणूस निरक्षर असण्याची शक्यता किंचित जास्तच. चिन्हच उलटलं! स्थलांतरित लोक जिथे स्थायिक झाले, ती राज्यं मुळात जास्त साक्षर होती, एवढंच. आपल्याकडे जनगणनेचे जिल्हावार तक्ते सहज मिळतात, म्हणून जिल्ह्यांचे सहसंबंध काढले जातात, आणि निष्कर्षात मात्र 'शेतकरी', 'स्त्रिया', 'कुटुंबे' असे शब्द येतात. जिल्ह्याबद्दल जे सिद्ध केलं ते जिल्ह्याबद्दलच बोला. तालुकावार केलंत तर आकडा आणखी वेगळा येईल, आणि दोन्ही छापायची हिंमत ठेवा.

दुसरं असं, की महाराष्ट्राचे 36 जिल्हे घेतले तर पाच टक्के पातळीला गुणांक साधारण 0.33 च्या वर गेला की सार्थकतेचा तक्ता त्याला सार्थक म्हणतो. तो तक्ता असं गृहीत धरतो, की 36 निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. बीड आणि धाराशिव स्वतंत्र आहेत का? पाऊस, माती, पिकं, सगळं हद्द ओलांडून पलीकडे जातं. जवळच्या गोष्टी दूरच्यांपेक्षा एकमेकींशी अधिक निगडित असतात, हे भूगोलज्ञ वॉल्डो टोबलर यांनी 1970 मध्ये भूगोलाचा पहिला नियम म्हणून मांडलं. म्हणजे 36 जिल्ह्यांत 36 जिल्ह्यांइतकी माहिती नसते, आणि चाचणी आपल्याला नको तेवढी सवलत देते. शेजाराचा हा परिणाम मोजायला मोरानचा निर्देशांक आहे, आजच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो मिळतो. वापरा. त्यावर जास्त वेळ घालवत नाही, कारण मला सह्याद्रीवर यायचं आहे.

उंची वाढली की पाऊस वाढतो, हे शाळेत शिकलेलं. मुंबईपासून बारामतीपर्यंतची पर्जन्यमापन केंद्रं घेऊन उंचीवर पावसाचं प्रतिगमन करून पाहा. मुंबई समुद्रसपाटीला, पाऊस 2000 मिलिमीटरच्या वर. बारामती साडेपाचशे मीटरवर, पाऊस 500 च्या आसपास. सरळ रेषेचं नातं ढेपाळतं. मग उंचीचा संबंध नाही म्हणायचं? नाही. केंद्रं घाटमाथ्यावर दुभंगा: कोकणाची बाजू एका गटात, देशाची, म्हणजे पठाराची, दुसऱ्या गटात. मग कोकणातून माथ्यापर्यंत चढतं नातं स्पष्ट दिसू लागतं. पूर्वेच्या गटातही उंचीचा हात दिसतो, पण तिथे माथ्यापासूनचं अंतर जास्त बोलतं.

महाबळेश्वर आणि पाचगणी घ्या. उंचीत शंभर मीटरचाही फरक नाही, अंतर वीसेक किलोमीटर. उंचीवरचं समीकरण दोघांना जवळपास सारखाच पाऊस देणार. प्रत्यक्षात पाचगणीचा पाऊस महाबळेश्वरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि घाट उतरून वाईला आलं की हजार मिलिमीटरच्या आत. प्रत्यक्ष पावसातून समीकरणाचा अंदाज वजा केला की जे उरतं, त्याला अवशेष म्हणतात. संख्याशास्त्राच्या वर्गात अवशेष म्हणजे केर. शक्य तितका कमी करायचा. भूगोलात तो नकाशावर टाकायचा. माथ्यालगत अधिक चिन्हांची एक पट्टी उमटते, तिच्या पूर्वेला उणे चिन्हांची, आणि गाळलेला घटक वाऱ्याची दिशा आहे हे नकाशाच सांगतो. कितीही मोठा गुणांक हे सांगू शकला नसता.

एका विद्यार्थ्याने हाच विचार पुढे नेला आणि उंचीऐवजी अरबी समुद्रापासूनचं अंतर घेतलं. पश्चिम महाराष्ट्रात बरं जमलं. मग त्याने सबंध राज्यावर तीच सरळ रेषा ताणली, आणि नागपूरला बारामतीपेक्षाही कमी पाऊस येऊ लागला. प्रत्यक्षात नागपूरला बारामतीच्या दुप्पट पडतो, गडचिरोलीला त्याहून जास्त. विदर्भाचे सगळे अवशेष अधिक चिन्हाचे. त्याने सूत्रं पुन्हा तपासली, आकडे पुन्हा भरले, शेवटी घातांक घालायला निघाला. मी म्हटलं, थांब, भारताचा नकाशा उघड. पूर्वेला दुसरा समुद्र आहे, तिकडून कमी दाबाची क्षेत्रं येतात, त्याचं काय केलंस?

नमस्कार.