मामांचा अंगठा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय फोनमधल्या अंगठ्याबद्दल. पण आधी दिंडोरीच्या आमच्या मामांचं सांगतो, नाहीतर वेळ संपेल आणि ते राहून जाईल.

ऑक्टोबर छाटणीचे दिवस. मामांना एका अ‍ॅपमधून खत-औषधांच्या दुकानाचे पैसे द्यायचे होते. अ‍ॅप उघडलं, पडद्यावर अंगठ्याचं झकास चित्र आलं, खाली लिहिलेलं : बोट ठेवा. मामांनी ठेवलं. काही नाही. पुन्हा ठेवलं. काही नाही. दिवसभर द्राक्षवेलीवर कात्री चालवलेला हात, नखांत बोर्डो औषधाचा निळा रंग. मामांना वाटलं, ठसाच झिजला! साबणानं धुतला, खोबरेल चोळलं, पंचाला पुसला. मग मामींचा अंगठा लावून बघितला. रात्री नऊला मला फोन, "भाचेबुवा, आधारचे ठसे नव्यानं द्यावे लागतील का रे?"

रविवारी गेलो. फोन उलटा केला, कडेचं बटण दाबलं, सेटिंग चाळलं. श्रोतेहो, त्या फोनला ठसा वाचणारा सेन्सरच नव्हता! मामा अर्धा तास नुसत्या चित्राला अंगठा दाखवत होते. तेवढ्यात मामींनी मिसळ आणली. सोबत पापड, दही. मिसळीवर चीज किसणाऱ्यांना दंड करावा, असं माझं जुनं मत आहे. असो.

तर नाशिकच्या कॉलेज रोडला बसून अ‍ॅप लिहिणाऱ्या पोरापोरींनो, आधी विचारा, मग मागा. अँड्रॉइड 10 आलं 2019 मध्ये, तेव्हापासून फोनला ‘तुला ठसा वाचता येतो का’ हे विचारायची सोयच दिलेली आहे. आयफोनलाही विचारता येतं. फोन सांगतो : सगळं ठीक, किंवा सेन्सर नाही, किंवा सेन्सर आहे पण ठसा नोंदवलेला नाही, किंवा सेन्सर आत्ता मिळत नाही. सेन्सर नसेल तर ते चित्र दाखवूच नका, सरळ पिन मागा. ठसा नोंदवलेला नसेल तर माणसाला सेटिंगमध्ये न्या. आणि अ‍ॅप टाकताना एकदाच नाही, दर वेळी विचारा, कारण नातू मधेच ठसा पुसून ठेवतो. पुन्हा सांगतो, आधी विचारा, मग मागा.

हो, आणि ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी : तुमचा ठसा अ‍ॅपकडे जात नाही. तो फोनमध्येच राहतो, अ‍ॅपला फक्त हो किंवा नाही कळतं.

मामांनी शेवटी पिन ठेवला. तो त्यांच्या लक्षात राहत नाही, मामींना पाठ आहे. त्यामुळे हल्ली दुकानाचे पैसे द्यायचे म्हटलं की मामा आधी स्वयंपाकघरात जातात.