मीटर कुणाच्या नावावर आहे?

नमस्कार मंडळी. समोर सोसायट्यांचे चेअरमन-सेक्रेटरी दिसतायत, हॉस्पिटलवाले आहेत, मागं मंगल कार्यालयवालेही बसलेत. पंखे चालू राहू द्या, एप्रिलमध्ये सोलापुरात बसून वीज वाचवायचं प्रवचन द्यायला मी आलेलो नाही, मला फक्त बिल्डिंगच्या वर्षभराच्या वीज-पाण्याच्या हिशेबाबद्दल बोलायचंय.

न्यूयॉर्क शहरानं 2009 मध्ये लोकल लॉ 84 नावाचा नियम केला. मोठ्या बिल्डिंगच्या मालकानं मागच्या वर्षभरात किती वीज, गॅस, पाणी वापरलं ते दरवर्षी 1 मेपर्यंत शहराला कळवायचं. सुरुवातीला 50,000 चौरस फुटांच्या वरच्या बिल्डिंगा होत्या, नंतर मर्यादा 25,000 वर आणली. आकडे भरायचे अमेरिकन सरकारच्या पोर्टफोलिओ मॅनेजर नावाच्या फुकट वेबसाइटवर, तिथं बऱ्याच प्रकारच्या बिल्डिंगांना 1 ते 100 मधला स्कोअर मिळतो, 50 म्हणजे तशाच बिल्डिंगांमध्ये बरोब्बर मधली. आणि गंमत पुढं आहे, त्या स्कोअरवरून ए, बी, सी, डी अशी ग्रेड येते आणि ती दारापाशी लावावी लागते. रिपोर्टच दिला नाही तर एफ. दंड तीन महिन्याला 500 डॉलर, वर्षाला जास्तीत जास्त 2,000, तो एखादा मालक भरूनही टाकेल हो, पण येणारा-जाणारा दारावरचं एफ वाचणार त्याचं काय!

आता तुम्ही म्हणाल आपला काय संबंध. आपल्याकडं केंद्राचा ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा, त्यात 2022 ला दुरुस्ती होऊन मोठ्या रहिवासी इमारतीही कक्षेत आल्या, किमान 100 किलोवॅट जोडभार, म्हणजे सगळ्या उपकरणांची मिळून क्षमता, किंवा वीज कंपनीशी ठरलेली किमान 120 केव्हीए मागणी असलेल्या इमारतींच्या बांधकामाला ऊर्जा बचतीचा कोड, म्हणजे नियमावली आहे. न्यूयॉर्कसारखा दरवर्षीचा फॉर्म आपल्या सोसायटीला कुणी मागत नाही. पण उद्या मागितला तर अडणार कुठं, ते आज सांगता येतं. फॉर्म अवघड नाही, मीटर सापडत नाहीत.

तिथं वीज कंपनी सगळ्या भाडेकरूंचे मीटर एकत्र करून बिल्डिंगचा एकच आकडा देते. आपल्याकडं फ्लॅटचं बिल फ्लॅटवाल्याच्या नावावर, सोसायटीच्या नावावर फक्त कॉमन मीटर, म्हणजे लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे. चेअरमन साहेब तेवढंच बिल दाखवून म्हणणार आमची बिल्डिंग लई कमी वीज खाते! तसं नाही चालत, सगळी बिल्डिंग मोजायची.

बिलंसुद्धा नीट बघा. मीटरला कुलूपबंद खोली असली की सरासरी बिल येतं आणि पुढच्या महिन्यात एकदम दणका बसतो, वर्षाची बेरीज जुळते पण महिन्याची जुळत नाही. मोठ्या हॉस्पिटलला एचटी, म्हणजे उच्च दाबाचं कनेक्शन असेल तर बिल केव्हीएएच या वेगळ्या मापावर लागतं, रिपोर्टला लागतं केडब्ल्यूएच, म्हणजे आपलं नेहमीचं युनिट, दोन्ही आकडे बिलावर असतात, चुकीचा उचलला की झालं. जनरेटर विसरू नका. एक लिटर डिझेलमध्ये साधारण 10 युनिटची उष्णता असते, वीज निघते तीन-साडेतीन युनिट, आणि हिशेबात डिझेल इंधन म्हणून धरायचं, म्हणजे जनरेटरच्या वहीत तास लिहून भागत नाही, लिटर लिहा.

मग भागाकार. वापर भागिले क्षेत्रफळ, म्हणजे लहान-मोठ्या बिल्डिंगांची तुलना करता येते. इथं आपल्या लोकांची हमखास भांडणं होतात, कारण आपल्याकडं एकाच फ्लॅटला कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप अशी तीन मापं. विकताना मोठं माप, टॅक्स भरताना छोटं. पोर्टफोलिओ मॅनेजरमध्ये बाहेरच्या भिंतीपर्यंतचं माप घेतात, जिने-पॅसेज धरून, आणि पार्किंग त्यातून वगळतात. पार्किंग धरलं की बिल्डिंग कागदावर उगाच गुणी दिसते.

पाण्याची तर वेगळीच तऱ्हा. उजनीचं पाणी नळाला काही दिवसांआड येणार, तोवर बोअर, उन्हाळ्यात टँकर. तीन वाटांनी पाणी, आणि मीटर झाला तर एका वाटेला. टँकरवाल्याची चिठ्ठी वॉचमनच्या खिशात असते, तीवर लिहिलेलं असतं "1 गाडी". किती लिटरची? कुणाला माहीत. तर चिठ्ठीवर लिटर लिहून घ्या आणि वहीत चिकटवा. बोअरला मीटर नसेल तर तात्पुरतं असं करा, रिकाम्या टाकीत पंप सोडा, 1,000 लिटर भरायला किती मिनिटं लागतात बघा आणि रोज पंप किती वेळ चालला ते लिहा. मे महिन्यात परत मोजा हां, पाणी खोल गेलं की धार बारीक होते, जानेवारीचा हिशेब मेमध्ये खोटा ठरतो.

मगाशी एका ताईंनी विचारलं, हे सगळं करणार कोण? सेक्रेटरी तर दरवर्षी बदलतो. तर ताई, मीटर नंबर, ग्राहक क्रमांक, टाक्यांची मापं, बिल्डिंगचं क्षेत्रफळ हे एका कागदावर लिहा, तो कागद सोसायटीच्या दप्तरात लावा, चार्ज देताना सही घेऊनच द्या. बिलं महिन्याच्या महिन्याला मॅनेजर किंवा वॉचमनकडून चढवून घ्या. मार्चएन्डला बसाल तर अर्धी बिलं मिळणार नाहीत.

बोला, अजून कुणाला काही विचारायचंय?