दुसरं मांजर आणण्याआधी

मंडळी, नमस्कार. आजचा प्रश्न मायेतून आलेला आहे. घरातले सगळे सकाळी नऊला बाहेर पडतात, संध्याकाळी सातला परततात, दार उघडलं की मांजर समोर बसलेलं असतं, आणि मनात येतं, दिवसभर बिचारं एकटं असतं, याला कोणीतरी सोबत आणूया. असं वाटणं साहजिकच आहे. पण एकटेपणाची आपली कल्पना मांजराला जशीच्या तशी लावता येत नाही.

घरातल्या मांजराचा मूळ पूर्वज म्हणजे फेलिस लिबिका हे रानमांजर. ते एकट्याने शिकार करतं. उंदीर, सरडा, चिमणी ही शिकार एकाच्याच पोटापुरती. त्यामुळे वाटून खायची, कळपात राहायची गरज त्याला पडली नाही. पण मांजर कायम एकांतवासी असतं असंही समजू नका. मासळी बाजारात, बंदरावर, जिथे खाणं भरपूर तिथे मांजरं गटाने राहतात. असा गट नीट पाहिला तर बहुतेक वेळा त्यात आया, लेकी, मावश्या असतात. एकमेकींची पिल्लं चाटतात, पाजतातसुद्धा. बाहेरचं मांजर आलं की मात्र त्याला हुसकावून लावतात. म्हणजे मांजराला सोबत चालते, पण ती कोणाची हे ते स्वतः ठरवतं. आपण घरी आणतो ते त्याच्या दृष्टीने परकं मांजर असतं, आणि तेही थेट त्याच्या हद्दीत.

म्हणून आधी पहिल्या मांजराकडे बघा. पहाटे तीनला ओरडणं, चालताना पायांवर झडप घालणं, पडद्यावर चढणं, हे बहुतेक वेळा शिकारीची खुमखुमी न जिरल्याचं लक्षण असतं. नसबंदी झालेली नसेल तर ओरडण्याचं कारण माज असू शकतं. तिथे सोबत आणून काही होणार नाही, नसबंदीच करावी लागते. शिकारीची खुमखुमी जिरवायला चार आठवडे हे करून बघा : दिवसातून दोन-तीनदा, दहा-दहा मिनिटं, काठीला दोरी आणि दोरीला पीस बांधून खेळवा. पीस जमिनीलगत, सोफ्याच्या कडेने लपतछपत ओढा. तोंडासमोर नाचवू नका, कारण भक्ष्य कधी शिकाऱ्याच्या अंगावर चाल करून येत नाही. शेवटी त्याला ते पकडू द्या आणि लगेच खायला द्या. दिवसाचे थोडे दाणे घरात चार-पाच ठिकाणी लपवून ठेवा. एवढ्याने रात्रीचा दंगा थांबला, तर दुसऱ्या मांजराची गरज नव्हती हे कळतं.

मांजर पोट चाटून चाटून टक्कल पाडत असेल, लिटर बॉक्सबाहेर, म्हणजे शी-शूसाठी वाळू भरून ठेवलेल्या पेटीबाहेर, लघवी करत असेल, दिवसदिवस कपाटाखाली बसत असेल, तर दुसऱ्या मांजराचा विचार बाजूला ठेवून आधी पशुवैद्याकडे जा. मूत्राशयाला सूज येण्यामागे मांजरांत ताण हे मोठं कारण असतं, आणि परक्या मांजराइतका ताण दुसरा नाही. बोका लघवीला बसतोय, कुंथतोय आणि थेंबही येत नाही, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा. मूत्रमार्ग बंद राहिला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

मग सोबत कोणाला मानवते? साधारण दोन वर्षांच्या आतलं, लहानपणी इतर मांजरांत वाढलेलं, खेळकर मांजर असेल तर आशा बरी असते. घरबसल्या एक चाचणी करता येते. खिडकीतून खालचं मांजर दिसलं की आपलं काय करतं? कान पुढे करून कुतूहलाने बघत बसतं, की शेपटी फुगवून फिसकारतं, काच ओरबाडतं आणि नंतर तासभर बिथरलेलं राहतं? दुसरा प्रकार असेल तर माझं उत्तर नाही असंच आहे.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे बारा वर्षांच्या मांजराला तीन महिन्यांचं पिल्लू 'सोबत' म्हणून आणणं. म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखत असतात, मूत्रपिंडं थकलेली असतात, आणि पिल्लू दिवसभर त्याच्या शेपटीवर उड्या मारतं. म्हातारं फिसकारतं, मग उंचावर जाऊ पाहतं, सांध्यांमुळे तेही जमत नाही, शेवटी पलंगाखाली राहायला लागतं. पिल्लूच आणायचं असेल तर दोन आणा, ती आपसात दमतील. आणि घरात अजून एकही मांजर नसेल तर एकाच आईची दोन पिल्लं एकदमच घ्या. सोबतीचा हा सगळ्यात सोपा, खात्रीचा मार्ग आहे, आणि तो वापरायची वेळ पहिल्या दिवशीच असते.

बोका की मांजरी, याला लोक फार महत्त्व देतात. स्वभाव आणि नसबंदी जास्त महत्त्वाची. नसबंदी चार महिन्यांपासून करता येते. शस्त्रक्रियेनंतरही बोका काही आठवडे गाभण करू शकतो, म्हणून नसबंदी न झालेल्या मांजरीपासून त्याला दीड महिना लांब ठेवा.

आता घर. 'आमचा फ्लॅट लहान आहे, चालेल का?' असं विचारतात. चौरस फुटांपेक्षा मी वेगळं विचारीन : एका जागी बसून एक मांजर दुसऱ्याची वाट अडवू शकतं का? नेहमीचा फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. हॉल, मग अरुंद पॅसेज, पॅसेजच्या टोकाला बाथरूम आणि तिथे एकुलता एक लिटर बॉक्स. पॅसेजच्या तोंडाशी एक मांजर पुढचे पाय छातीखाली घेऊन शांत बसलेलं आहे. दुसरं येतं, त्याला बघून थांबतं, खाली बसतं, उगाच एक पंजा चाटतं आणि मागे वळतं. फिसकारणं नाही, गुरगुरणं नाही, अंगावर जाणं तर नाहीच. माणसं म्हणतात, दोघांचं छान जमतं. आणि रात्री गादीवर ओल सापडते. मांजरांची बहुतेक भांडणं अशी बिनआवाजाची असतात.

यावर उपाय मांडणीचा. मांजरांच्या संख्येपेक्षा एक बॉक्स जास्त, म्हणजे दोघांना तीन. तिन्ही एकाच बाथरूममध्ये ओळीने ठेवले तर मांजराच्या हिशेबी तो एकच. एक हॉलच्या कोपऱ्यात, एक बेडरूममध्ये, एक बाल्कनीत असं करा. बॉक्सची लांबी मांजराच्या शेपटी सोडून लांबीच्या दीडपट हवी. दुकानातले बहुतेक तोकडे असतात. त्यापेक्षा साठ सेंटिमीटरचा साठवणीचा प्लॅस्टिक डबा घ्या, एक बाजू जमिनीपासून बारा-पंधरा सेंटिमीटर ठेवून कापा, कड घासून गुळगुळीत करा. आत लिटर, म्हणजे ती वाळू, पाच ते सात सेंटिमीटर. दिवसातून दोन वेळा घाण उपसा. फिनेलने मात्र धुऊ नका. फिनॉलसारखी रसायनं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, पंजाला लागून ती चाटण्यातून पोटात जातात. साबण आणि गरम पाणी पुरे.

खाण्याच्या वाट्या एकमेकांना दिसणार नाहीत अशा ठेवा. पाणी तिसरीकडे. भिंतीवर दोन-तीन फळ्या, आणि प्रत्येक फळीवरून उतरायला दोन वाटा. बाल्कनीला कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर दातांनी कापू शकतं, त्यामुळे धातूची जाळी लावा. पाठलागाच्या भरात मांजराला कठड्याचं भान राहत नाही.

खर्चाचं थोडक्यात : चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण पन्नास-साठ ग्रॅम कोरडं खाणं लागतं, महिन्याला दीड-दोन किलो. ते दुप्पट होणार, लिटर दुप्पट, लस दुप्पट. आणि संसर्ग आला की दोघं एकदम आजारी पडतात.

त्या संसर्गाबद्दल जरा थांबून बोलतो. इमारतीखाली पावसात भिजणारं पिल्लू बघून कोणाचाही जीव हलतो, पण ते उचलून थेट आपल्या मांजरापाशी सोडू नका. चौदा दिवस वेगळी खोली, वेगळी भांडी, तिथून आलं की हात धुणं, कपडे बदलणं. एफआयव्ही (प्रतिकारशक्ती कमी करणारा) आणि एफईएलव्ही (रक्ताचा कर्करोग घडवू शकणारा) या विषाणूंसाठी रक्ततपासणी करून घ्या. पहिला चाव्यातून पसरतो, दुसरा चाटण्यातून आणि एका वाटीतून. संसर्ग नुकताच झाला असेल तर तपासणी चुकू शकते, म्हणून पशुवैद्य दोन महिन्यांनी पुन्हा करायला सांगतील. कानात काळी भुकटी असेल तर कानातले किडे, अंगावर गोल टक्कल असेल तर गजकर्ण. तो माणसांनाही होतो. सगळ्यात भयंकर पॅनल्युकोपेनिया. उलट्या, जुलाब, ताप, आणि पिल्लू दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. हा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो. त्या आजाराने ज्या घरात पिल्लू गेलं आहे तिथे लस पूर्ण न झालेलं पिल्लू आणूच नका. फरशी आधी स्वच्छ धुवा, मग एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं ओलं ठेवा आणि पुन्हा पाण्याने पुसा. पिल्लाची तिहेरी लस (पॅनल्युकोपेनियासह तीन आजारांवरची) सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांचं होईपर्यंत देतात.

हा वेगळ्या खोलीचा काळ फुकट जात नाही, ओळख तिथूनच सुरू होते, ती वासाने. स्वच्छ मोजा हातात घालून नव्या मांजराच्या गालांवरून फिरवा, कारण तिथल्या ग्रंथींचा वास ओळखीचा, निवांत असतो. तो मोजा पहिल्या मांजराच्या खाण्यापासून दीड-दोन मीटरवर टाका. तो हुंगून खायला लागलं की रोज थोडा जवळ आणा. उलट बाजूनेही तसंच. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना वाट्या, आधी दूर, मग दाराजवळ. दोघंही दाराला लागून निवांत खाईपर्यंत पुढे जायचं नाही.

पुढे जाळीचं दार. पहिल्यांदा जाळीवर चादर टाका आणि खालून वीतभर उघडी ठेवा. पाच मिनिटं बघू द्या, उकडलेल्या चिकनचे तुकडे द्या आणि सगळं शांत असतानाच दार लावा. इथे मांजराचे डोळे बघायला शिकलं पाहिजे. ते एकटक बघतंय, शेपटीचं टोक थरथरतंय, कान बाजूला वळलेत आणि चिकनकडे लक्ष नाही, तर एक पायरी मागे या. ते बघतं, पापण्या हळूच मिटतं, खातं, पुन्हा बघतं, तर चादर उद्या थोडी वर घ्या. हे बहुतेकांना दोन ते सहा आठवडे लागतं, काहींना कित्येक महिने. दोघांपैकी जे सावकाश चालतं त्याचा वेग धरायचा.

'एकदा भांडू द्या, आपोआप जमेल' हा सल्ला कृपा करून ऐकू नका. दोन मांजरं एकदा जोरात भांडली की ती भीती महिनोन्‌महिने जात नाही. भांडण लागलंच तर मध्ये हात घालू नका, चावा खोल जातो आणि चिघळतो. पुठ्ठा किंवा उशी मध्ये सारा, वेगळ्या खोल्यांत ठेवा, आणि पुन्हा वासापासून सुरुवात करा. जुनी जोडीसुद्धा एक दवाखान्यातून आल्यावर बिनसू शकते, कारण त्याला औषधांचा वास येत असतो. त्याला अर्धा दिवस वेगळं ठेवा, घरातल्या चादरीवर झोपू द्या, मग सोडा.

जमलं हे कशावरून ओळखायचं? अंगाला अंग लावून झोपणं, एकमेकांचं डोकं चाटणं, शेपटी उभी करून जवळ येणं, नाकाला नाक लावणं. हे दिसलं तर खरी सोबत झाली. नुसतं एका खोलीत दोन टोकांना बसणं म्हणजे सहन करणं, आणि अनेक घरांत तेवढंच होतं. तेही चालतं, पण दोघांना पोटभर खाता यायला हवं. म्हणून काटा आणा. पहिले तीन महिने दर रविवारी दोघांना कॅरियरमध्ये बसवून वजन करा, रिकाम्या कॅरियरचं वजन वजा करा, वहीत लिहा. चार किलोचं मांजर महिन्यात दोनशे ग्रॅमने उतरलं, तर त्याला वाटीपर्यंत जाऊ दिलं जात नाहीये किंवा ते आजारी आहे. पशुवैद्याला दाखवा, आणि त्याचं खाणं त्याच दिवसापासून बंद दाराआड द्या. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर रविवारची वाट बघू नका, विशेषतः मांजर लठ्ठ असेल तर. उपाशी राहिलेल्या लठ्ठ मांजराच्या यकृतात काही दिवसांतच चरबी साठते, आणि मग पशुवैद्याला त्याला नळीने भरवावं लागतं.