आधी वारा, मग कार्ड

मागं आवाज पोचतोय ना? बरं. पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘जुन्या वर्कस्टेशन लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड कसं बदलावं’. तिथं येतोच मी. पण इथं बसलेली निम्मी मंडळी लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करणारी. म्हणजे एप्रिल-मेची लग्नसराई, आपल्या बार्शीचं ऊन, आणि टेबलावर कुठल्या तरी कंपनीत तीन-चार वर्षं राबून बाहेर पडलेला तीन किलोचा धोंडा. तुम्ही मला फोन करता, ‘कार्ड बदलायचंय’. माझा अनुभव असा, की निम्म्या वेळा बदलायला हवी असते ती आतली हवा. हे मी गेली सहा-सात वर्षं ज्याला त्याला धरून सांगतोय. बायको म्हणाली, एकदा हॉल भरून लोक मिळाले की सांगून मोकळे व्हा. मिळालेत.

माझा लॅपटॉप डेलचा प्रिसिजन एम४८००. २०१३ सालचं मॉडेल. पंधरा इंची स्क्रीन, रॅमचे चार खाचे, १८० वॅटचा वीट-चार्जर, आणि आत एनव्हिडियाचं क्वाड्रो के२१००एम. जुना घेतला, दोन वर्षं तक्रार नाही. मग चंपाषष्ठीच्या सुमारास एक जागरण-गोंधळ आला. पार्टी हौशी. दारात एलईडी वॉल, त्यावर लाइव्ह दाखवायचं. पुतण्यानं लॅपटॉप कुठं ठेवला? गादीवर. पूजेला मांडलेल्या चौकापासून चार फुटांवर. ‘येळकोट येळकोट’ झालं की उधळला भंडारा, परत येळकोट, परत भंडारा. घरी आलो तेव्हा कीबोर्ड पिवळा होता. फडक्यानं पुसला, देवाचंच आहे म्हणून कपाळाला लावला आणि विसरलो.

फेब्रुवारीत दोन तासांचा एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाईल काढणं, चार तासांवर गेला. मग मधेच स्क्रीन काळी. बाजारातल्या एका दुकानात नेला. दुकान कुठलं ते विचारू नका, त्याच्या मुलाच्या लग्नाचं शूटिंग मीच केलंय. त्यानं झाकण उघडलं, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, ‘चिप गेलीये, हीट मारावी लागंल.’

हीट मारणं तुम्हाला ठाऊक आहे. कार्ड काढायचं, चिपवर गरम हवेची बंदूक धरायची, खालचे झाळाचे ठिपके परत धरतात म्हणायचं. आजकालचा बिनशिशाचा झाळ वितळतो साधारण २२० अंशाला. म्हणजे चिपला त्याच्याही वर तापवायची. पंचवीसशे घेतले, लॅपटॉप दिला, आणि खोटं कशाला बोलू, चालला! मी दुकानदाराला पेढे दिले. मार्चअखेर परत स्क्रीन काळी. परत हीट, या वेळी ओळखीत पंधराशे. आठ दिवस. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, ‘आता कार्डच टाकू, अठरा हजार.’

अठरा हजार ऐकल्यावर माणूस आपोआप स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागतो.

रात्री जेवण झाल्यावर उघडला. हीटसिंकवर, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागावर, तांब्याच्या नळ्या, त्या जातात कडेच्या बारीक पात्यांच्या जाळीपर्यंत, आणि जाळीला पाठ लावून फॅन. आतून जाळी दिसतच नाही, ती फॅनच्या डबीमागं असते. डबीचे स्क्रू काढले, फॅन उचलला, आणि फॅन आणि जाळीच्या मधून चिमट्यानं एक पट्टी ओढून काढली. अखंड. करंगळीएवढी लांब, गोधडीच्या तुकड्यासारखी दाट, आणि पिवळी. धूळ, लोकरीचे धागे, एक केस, आणि सगळ्यावर खंडोबाचा भंडारा. वास सुद्धा हळदीचा. तापून तापून ती नमद्यासारखी बसली होती. मी ती काडेपेटीत ठेवलीये, आज आणलीये. नंतर बघा, फुंकर मारू नका.

आता कळतंय का काय झालं होतं? चिप गेलीच नव्हती. दुकानदारानं हीटसिंक काढला तेव्हा चिप आणि हीटसिंकमधली जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, एवढंच काम कामाचं झालं. फेब्रुवारीत खोली पंचवीस अंशाला होती, नव्या पेस्टवर भागलं. मार्च-एप्रिलात खोली अडतीसला गेली, आणि जाळी होती तशीच बुजलेली. धडधाकट माणसाचं दोनदा ऑपरेशन केलं आणि नाकातला बोळा तसाच ठेवला.

हीट मारणं सगळंच थोतांड असं मी म्हणत नाही. एक काळ असा होता की चिपा खरंच तशा जात होत्या. २००८च्या जुलैत एनव्हिडियानं स्वतः जाहीर केलं की त्यांच्या काही लॅपटॉपच्या चिपांच्या आवरणात कमजोर सामान गेलंय, आणि त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. तापणं-निवणं, तापणं-निवणं यानं आतले ठिपके तडकायचे. तेव्हा लोकांनी घरच्या ओव्हनमध्ये कार्डं भाजली, केक भाजतो तशी, आणि काही उठून बसली सुद्धा. थोडे दिवस. त्या साथीतलं औषध आपल्याकडं अजून प्रत्येक खोकल्याला देतात, हे माझं दुखणं.

हा, आणि त्या पेस्टच्या जागी दाताची कोलगेट लावणारे कोण आहेत इथं? हात वर करा. लाजू नका, मी पण केलंय. चालते, का नाही चालत? त्यात पाणी असतं. चार दिवसांनी पाणी उडालं की राहतो खडू. पेस्टचं काम एवढंच, की चिप आणि तांबं यांच्यामधल्या सूक्ष्म खाचांतली हवा हाकलायची. तांब्याचा उष्णता वाहण्याचा आकडा सुमारे ४००, आणि हवेचा ०.०२५च्या आसपास. पेस्टचा पाच-दहा असतो, पण हवेपुढं तो अमृतच. म्हणून वाटाण्याएवढा थेंब पुरे. पुरणपोळीवर तूप ओतल्यासारखी ओतू नका.

आणि खोलीचं लक्षात ठेवा. हीटसिंक चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, चिप खोलीच्या वरच किती तरी अंश राहणार. पंचवीसच्या खोलीत पंचाहत्तर असेल तर बेचाळीसच्या खोलीत ब्याण्णव. साधा हिशोब आहे. तिथून कार्ड स्वतःच वेग कमी करतं, आणि तुम्ही म्हणता कार्ड जुनं झालं. यावर एका मित्रानं लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर ठेवला. थंड झाला, शंकाच नाही. पण कूलरची हवा ओली, आत बसलेल्या धुळीचा चिखल झाला. त्यापेक्षा खाली चार कोपऱ्यांना बिसलेरीची चार बुचं लावा. खालनं हवा घेणाऱ्या मशिनला बोटभर उंची मिळाली की बराच फरक पडतो. फुकट आहे म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही.

आता माझी स्वतःची चूक पण सांगतो, नाहीतर म्हणाल दुकानदारालाच झोडतोय. साफ केल्यावर मी मेमरीच्या चिपांवरचे मऊ पॅडही नवे टाकले. जुने अर्धा मिलिमीटर होते, माझ्याकडं होते दीडचे. म्हटलं जाड म्हणजे चांगलंच. जाजम आहे का ते? जाड पॅडवर हीटसिंक अधांतरी राहिला, मुख्य चिपला तांबं टेकलंच नाही. चालू केल्यावर दोन मिनिटांत ९६ अंश. हात लावायच्या आत बंद केला. परत उघडून बघतो तर पेस्टच्या थेंबाचा आकार तसाच गोल, दबलाच नव्हता. तेव्हापासून मी आधी जुना पॅड मोजतो, मग पैसे देतो.

चिठ्ठी आली. सत्काराचे नारळ येऊन पडलेत म्हणे, आणि सात मिनिटं उरलीत. मग कार्डाचं पटापट सांगतो, ज्यासाठी तुम्हाला बोलावलं.

पहिलं, कार्ड निघतं का ते बघा. थिंकपॅड डब्ल्यू५३० सारख्यांत चिप बोर्डावरच झाळलेली असते, विषय संपला. एम४८००, एम६८००, एचपीचं झेडबुक १५ आणि १७ यांच्या पहिल्या पिढ्या, यांत एमएक्सएम नावाच्या खाचेत वेगळं कार्ड असतं. डेलनं २०१८च्या ७५३० आणि ७७३० पासून स्वतःचाच वेगळा आकार काढला, तिथं एमएक्सएम कार्ड बसत नाही.

दुसरं, आकार आणि वॅट. एमएक्सएमचा ‘ए’ आकार ८२ बाय ७० मिलिमीटर, ‘बी’ ८२ बाय १०५. पंधरा इंचीत ‘ए’, साधारण ५५ वॅटपर्यंत. सतरा इंचीत ‘बी’, शंभर वॅटपर्यंतची कार्डं. वॅट म्हणजे उष्णताच. तुमचा हीटसिंक जेवढ्या वॅटचा, तेवढ्याच वॅटचं कार्ड घ्या, फक्त पिढी नवी घ्या. माझं के२१००एम: ५५ वॅट, ५७६ कोअर (चिपमधले हिशोब करणारे छोटे भाग), दोन जीबी मेमरी. त्याजागी आता क्वाड्रो एम२२०० आहे, २०१७चं: तेही ५५ वॅट, पण १०२४ कोअर आणि चार जीबी. उष्णता तेवढीच, काम जवळजवळ दुप्पट. शिवाय ते एच.२६५, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची नवी पद्धत, स्वतः उलगडतं, जुन्याला ते येत नव्हतं. नव्या कॅमेऱ्यांचं ४:२:२, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवणारं एच.२६५, मात्र त्याला जमत नाही, तिथं प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी प्रत, बनवाच. एम२०००एम स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका, नाव सारखं वाटलं तरी आतली चिप आधीची, एच.२६५ तिलाही येत नाही.

तिसरं, ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर. एनव्हिडियाचा इन्स्टॉलर तुमच्या मॉडेलच्या यादीत ते कार्ड शोधतो, सापडत नाही, ‘सुसंगत हार्डवेअर नाही’ म्हणतो. घाबरू नका, कार्ड मेलेलं नाही. ड्रायव्हरच्या आयएनएफ फायलीत, म्हणजे तो कुठल्या कार्डांना चालतो त्या यादीत, कार्डाचा आयडी हातानं घालायचा, आणि विंडोज ड्रायव्हरची डिजिटल सही तपासणार नाही अशा पद्धतीनं सुरू करून एकदा इन्स्टॉल करायचं. पण के मालिकेच्या जुन्या कार्डांना नवे ड्रायव्हर येणं थांबलंय, म्हणून ‘के’वाल्यांनी पैसे त्याच पिढीत गुंतवू नयेत.

घेताना हीटसिंकची भोकं, चिपची उंची आणि कार्डाचं बायॉस, म्हणजे त्याला चालू करणारा आतला प्रोग्राम, कुणाच्या मशिनचं आहे ते विचारून घ्या. चुकीच्या बायॉसचं कार्ड बसतं, फॅन फिरतो, स्क्रीन काळीच. आणि प्रोसेसर फार तापत असेल तर विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल ९९ टक्के करा, टर्बो, म्हणजे त्याचा जादा वेग, बंद पडतो. एक्स्पोर्ट थोडा लांबतो, पण मधे बंद पडत नाही.

नारळवाले उभेच राहिलेत, बसा हो. ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी बॅटरी काढून डाव्या टेबलावर ठेवा, स्क्रू पडायला बशी घेऊन या. काडेपेटीही तिथंच आहे.